घर दोन्हीकडे पसंत आहे, भाग कोणता निवडू?

उंबरठा :

गेले दोन महिने घरात हा एकच विषय चालू आहे. इतकं बोलून झालंय की आता आमचं आम्हालाच काही दिसेनासं झालंय, म्हणून इथे विचारते.

आम्ही चौघं. मी, नवरा, ९ वर्षांची मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. राहतं घर सोडायचं नक्की आहे. बघता बघता दोन घरं उरली, आणि ती ज्या दोन भागांत आहेत त्यांचा स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट आहे.

पहिला भाग शहराच्या मधोमध, जुना. गल्ल्या अरुंद, घराला घर लागून, खाली दुकानं. घर दुसऱ्या मजल्यावर, लहानशी लिफ्ट आहे. माझं ऑफिस २० मिनिटांवर, मुलीची आत्ताची शाळा चालत जाण्याजोगी. दुसरा भाग शहराच्या कडेला, गेल्या ७-८ वर्षांत उभा राहिलेला. रुंद रस्ते, मोठाली संकुलं, आत बाग. झाडं अजून लहान आहेत, पण आकाश भरपूर दिसतं. घराला एक खोली जास्त. तिथून मला ऑफिस ७० मिनिटं. नवऱ्याला दोन्हीकडून सारखंच. मुलीची शाळा बदलावी लागेल.

पैशांच्या बाबतीत दोन्ही आवाक्यात आहेत, तेव्हा तो मुद्दा इथे नको. मी कागदावर रकाने पाडून गुण दिले तर एकाला ६४ आले आणि दुसऱ्याला ६३. नवऱ्याचा कल नव्या भागाकडे आहे. खरं सांगायचं तर रविवारी सकाळी तिथल्या गॅलरीत उभी राहिले तेव्हा माझाही जीव तिथेच अडकला. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाला जिथे बरं वाटेल तिथे मलाही बरंच वाटेल."

घर कसं बघायचं हे सगळे सांगतात. नळ उघडून बघा, भिंतींना ओल आहे का बघा. पण भाग कसा बघायचा? ज्यांनी असा निर्णय घेतलाय त्यांनी सांगा, तुमचं काय बघायचं राहून गेलं होतं?

दिवेलागण :

दोन्हीकडे किती वेळा गेलात? रविवारी सकाळी कुठलाही भाग छानच दिसतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला जा, एकदा रात्री अकराला जा, जमलं तर भर पावसात जा. आणि दारापर्यंत गाडीनं जाऊ नका. रोज जिथे उतराल तिथून चालत जा, हातात भरलेली पिशवी घेऊन.

नकाशावेडा :

दिवेलागण यांना अनुमोदन. फक्त त्याआधी एक साधा हिशेब करून बघा. २० मिनिटं आणि ७० मिनिटं यांत एका फेरीला ५० मिनिटांचा फरक. जाऊन-येऊन १००. वर्षाला कामाचे २४० दिवस धरले तर २४,००० मिनिटं, म्हणजे ४०० तास. आठ तासांचा एक दिवस मानला तर तुमच्या जागेपणीचे ५० पूर्ण दिवस. एका जास्तीच्या खोलीसमोर हे ५० दिवस मांडून बघा. मी माझ्या वेळी हा गुणाकार केला नव्हता, "तासाभराचा तर प्रवास" एवढंच म्हणत राहिलो.

चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञानं १९९४ साली एक निरीक्षण मांडलं होतं : माणूस दिवसाकाठी प्रवासाला साधारण एक तास देतो, आणि वाहनं वेगवान झाली तरी तो तास तेवढाच राहतो. वाढतं ते शहर. पायी चालायच्या काळातली शहरं ५ किलोमीटर व्यासाच्या पलीकडे सहसा गेली नाहीत, कारण माणूस तासाला तेवढंच चालतो. तुमचा नव्या भागातला प्रवास १४० मिनिटांचा होईल, म्हणजे त्या तासाच्या दुपटीहून जास्त.

आणखी एक अभ्यास मला फार पटतो. आलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुस्तकी हिशेबानं लांबून येणाऱ्याला त्या त्रासाची भरपाई कुठून तरी मिळायला हवी, मोठ्या घरातून किंवा चांगल्या पगारातून, आणि शेवटी त्याचं समाधान जवळ राहणाऱ्याइतकंच निघायला हवं. तसं निघालं नाही. प्रवास जितका लांब तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी दिसलं. माझं स्वतःचं मत असं की मोठ्या खोलीची सवय होऊन जाते. प्रवासाची होत नाही, कारण तो रोज नव्या ठिकाणी अडतो.

गच्ची :

मी उलट बाजूनं बोलणार आहे. इथे सगळे जुन्या भागाच्या वाटेला लागतील असं दिसतंय.

आम्ही ६ वर्षांपूर्वी शहराच्या मध्यातून कडेला आलो आणि मला त्याचा एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. कारण एकच, झोप. जुन्या घराखाली रस्ता रात्री कधी निजायचाच नाही. मला वाटायचं की सवय झालीय. नव्या घरात पहिले पंधरा दिवस झोपले तेव्हा कळलं की सवय झालेली नव्हती, मी फक्त थकलेली होते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी आवाजाच्या मर्यादा सुचवल्या आहेत. रस्त्यावरच्या वाहतुकीचा सरासरी आवाज ५३ डेसिबलच्या खाली, आणि रात्रीचा ४५ च्या खाली असावा. ही पट्टी सरळ वाढत नाही, हे लक्षात घ्या. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ४५ आणि ५५ हे आकडे कागदावर शेजारी दिसले तरी उशीवर डोकं टेकल्यावर ते शेजारी नसतात. मोबाइलवर आवाज मोजायची ॲप्स मिळतात. ती अगदी अचूक नसतील, पण दोन जागांची तुलना एकाच मोबाइलनं करायला पुरतात. दिवाणखान्यात मोजू नका. झोपायच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, रात्री आणि पहाटे मोजा.

नकाशावेडा, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण ७० मिनिटं बसून की उभ्यानं हे तुम्ही विचारलंच नाहीत. मी जिथे चढते तिथून गाडी सुटते, त्यामुळे मला बसायला मिळतं. जाताना वाचन होतं, येताना डोळा लागतो. तीच ७० मिनिटं दोनदा गाडी बदलून लोंबकळत काढावी लागली असती तर मीही इथे वेगळं लिहिलं असतं.

उंबरठा :

गच्ची, माझ्या वाटेत एकदा गाडी बदलावी लागते. पहिल्या टप्प्यात बसायला मिळेल, दुसऱ्यात मुळीच नाही. आवाज मोजायचं डोक्यातही आलं नव्हतं. या आठवड्यात दोन्हीकडे संध्याकाळी जाऊन येणार आहोत, रात्रीही थांबू.

पायवाट :

उंबरठा ताई, मला जे सांगायचंय ते थोडं लांब आहे. तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

पाच वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका नव्या, मोकळ्या भागात राहायला गेलो. बाबा तेव्हा ७८ चे होते. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनीही हेच उत्तर दिलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. आम्हाला ते मनापासूनचं वाटलं, आणि होतंही. संकुलात हिरवळ होती, बाकं होती. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, आजोबांची छान सोय झाली.

जुन्या घरी असताना बाबा दिवसातून तीनदा बाहेर पडायचे. प्रत्येक वेळी काहीतरी क्षुल्लक काम काढून. चप्पल शिवायला टाकायची, पत्र टाकायचं, चष्म्याची काडी घट्ट करून आणायची. कामं बहाणाच होती, पण त्या बहाण्यानं पाच माणसं भेटायची, दोन गल्ल्या चालून व्हायच्या. नव्या घरी हे बहाणेच उरले नाहीत. सगळं दारात यायला लागलं, आणि जे येत नव्हतं त्याला गाडी लागायची. गाडी म्हणजे आमच्यापैकी कुणीतरी. बाबांना "मला अमुक ठिकाणी सोड" म्हणायचं जिवावर यायचं. नुसतं हिरवळीवर जाऊन बसण्यात त्यांना रस नव्हता, कारण त्यांना कामाला जायचं असायचं, फिरायला नव्हे. वर्षभरात ते लिफ्टनं खाली जाऊन परत वर येण्यापुरते उरले. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्हाला कळलं नाही. कळलं तेव्हा पायातली ताकद गेली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तुमच्या तक्त्यात एक रकाना नाहीये. घरातलं कोण कोण, कुणाचीही मदत न मागता, एकटं बाहेर पडून आपलं काम करून परत येऊ शकतं? दोन्ही भागांसाठी चौघांची नावं लिहा आणि समोर हो किंवा नाही लिहा. तुम्ही आणि तुमचे यजमान दोन्हीकडे "हो"च असाल. त्यामुळेच तुम्हाला दोन्ही भाग सारखे दिसतात.

हे तपासायचं कसं तर चालून. मोबाइलवर सरळ रेषेतलं अंतर बघू नका. नव्या भागात संकुलाची भिंत, मग दुभाजक, मग लांबवर असलेला सिग्नल, यात डोळ्यांसमोर दिसणारं दुकान एक किलोमीटरवर जातं. रस्ता ओलांडायला हिरवा दिवा किती सेकंद असतो ते मोजा. ब्रिटनमध्ये पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलचा हिशेब सेकंदाला १.२ मीटर चालीवर बेतलेला होता, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ च्या पुढच्या बहुसंख्य लोकांची चाल त्याहून मंद निघाली. २४ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबानं २० सेकंद लागतात. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या माणसाला ३० लागतात. ते मधले दहा सेकंद तो माणूस रस्त्यावर असतो आणि समोरच्या गाड्या सुटलेल्या असतात. असं दोनदा झालं की तो तिसऱ्यांदा जात नाही.

रस्त्याची रुंदी आपल्याला मोकळेपणा वाटते, पण त्यावरून किती गाड्या जातात हे खरं. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमधले तीन रस्ते अभ्यासले. घरं, माणसं बरीचशी सारखी, फरक फक्त वाहनांच्या संख्येचा : एकावरून दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावर राहणाऱ्याला त्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नाही, ०.९. त्यांनी लोकांना विचारलं की तुमचं "घर" कुठवर आहे ते नकाशावर दाखवा. शांत रस्त्यावरच्या लोकांनी अख्खा रस्ता दाखवला. गजबजलेल्या रस्त्यावरचे आपल्या इमारतीच्या आत थांबले.

मुलीचंही तेच. आज ती ९ ची आहे, तुमच्याबरोबरच जाते. १२ ची झाली की तिला एकटीला जायचं असेल. १९२९ साली क्लॅरेन्स पेरी यांनी आदर्श वस्तीचा आराखडा मांडला तेव्हा शाळा मध्यभागी ठेवली होती, अंतर पाव मैलाच्या, म्हणजे ४०० मीटरच्या आसपास, आणि मोठे रस्ते वस्तीच्या कडेनं, मुलांना ते ओलांडावे लागू नयेत म्हणून. तुम्ही पाहिलेल्या नव्या भागात ती कुठे एकटी जाऊ शकेल? नाही जाऊ शकली तर पुढची आठ वर्षं तुम्ही तिचे सारथी.

दिवेलागण :

पायवाट, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझी आई माझ्याकडे राहते. आज संध्याकाळी तिला विचारणार आहे की ती शेवटची एकटी कुठे गेली होती.

तारांगण :

पायवाट यांच्या मुद्द्याला जोडून. दोन भागांची तुलना म्हटलं की मला शिकागोची गोष्ट आठवते. जुलै १९९५ मध्ये तिथे उष्णतेची भयंकर लाट आली आणि आठवड्याभरात ७०० हून अधिक माणसं गेली. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी नंतर एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्या शेजारी ठेवून पाहिल्या. दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं प्रमाण सारखं, गरिबीही साधारण सारखी, ऊन तर एकच. तरीही नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचं प्रमाण शेजारच्या साउथ लॉनडेलच्या दहा पट होतं. फरक रस्त्यावर सापडला. एकीकडे दुकानं बंद पडलेली, भूखंड ओसाड, म्हातारी माणसं भीतीनं दार लावून बसलेली. दुसरीकडे फूटपाथवर वर्दळ, दुकानं चालू, त्यामुळे तीच माणसं बाहेर पडत होती, थंड जागी जाऊन बसत होती, आणि एखादा दिसला नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात येत होतं.

निवांत :

तारांगण, माहिती महत्त्वाची आहे, पण इथे ती तशीच्या तशी लावू नये असं मला वाटतं. नॉर्थ लॉनडेल वर्षानुवर्षं ओस पडत गेलेली वस्ती होती. उंबरठा यांचा नवा भाग ओस पडलेला नाही, भरत चाललेला आहे. नव्या भागात राहायला गेलेली तरुण कुटुंबं एकमेकांना धरून असतात, कारण सगळेच नवखे असतात. जुन्या भागात मात्र सगळे आधीपासून एकमेकांचे असतात, तुम्हीच बाहेरचे. आम्हाला जुन्या भागात रुळायला चार वर्षं लागली. तोवर लोक वाईट वागले असं नाही, पण आमच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

तारांगण :

निवांत, मान्य. मग तेवढा एकच प्रश्न उचलू : कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता रस्त्यावर कोण असतं? सासूबाई घराबाहेर पडतील ती वेळ तीच. तेव्हा तिथे चार माणसं असतील तर भाग नवा की जुना यानं फरक पडत नाही.

उंबरठा :

जाऊन आलो. मंगळवारी नव्या भागात, बुधवारी जुन्या. दोन्हीकडे सकाळी अकराला सासूबाईंना घेऊन मी गेले, आणि संध्याकाळी सगळे. तारांगण, तुमचा प्रश्न तसाच्या तसा घेऊन गेले होते.

नवा भाग आधी. सकाळी अकराला बागेत दोन माळी आणि फाटकावर पहारेकरी, बाकी कुणी नाही. फाटकाबाहेर औषधांचं दुकान समोर दिसतं. मोबाइलवर सरळ अंतर ३५० मीटर. चालत १.१ किलोमीटर भरलं. भिंतीच्या कडेनं चालून सिग्नलपर्यंत, पलीकडून परत मागे. सासूबाई सिग्नलपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तू जाऊन ये, मी इथे उभी राहते." बसायला काही नव्हतं. त्या उन्हात उभ्या राहिल्या आणि मी पटकन परत आले. त्या एका वाक्यापुढे मला बाकी काही मोजावंसं वाटेना.

पण संध्याकाळ वेगळीच निघाली. साडेसहाला बाग मुलांनी भरून गेली. माझी मुलगी दहा मिनिटांत एका गटात मिसळली आणि निघताना हटून बसली. रात्री झोपायच्या खोलीत मोबाइलनं ४३ दाखवलं.

जुना भाग. सकाळी अकराला गल्लीत येणं-जाणं होतं, बहुतेक सासूबाईंच्याच वयाची माणसं. फूटपाथ असा नाहीच, दुचाक्या लावलेल्या, त्यामुळे चालायचं रस्त्यावरूनच. गच्ची, हे मी मुद्दाम लिहिते आहे, लपवत नाही. पण गाड्याच हळू चालतात तिथे, वाट सोडून थांबतात. औषधांच्या दुकानापर्यंत १४० मीटर. दुकानदारानं न विचारता स्टूल पुढे केलं. सासूबाई बसल्या आणि माझ्याशी नाही, त्याच्याशीच बोलत राहिल्या. मी इतका वेळ त्यांना परक्या माणसाशी बोलताना कितीतरी दिवसांनी पाहिलं.

रात्री मात्र पावणेअकराला गल्लीच्या तोंडाशी मालाचे ट्रक लागले आणि साडेबारापर्यंत उतरवणं चाललं होतं. खिडकी उघडी ठेवून ६१. नवरा म्हणाला, इथे मी झोपू शकणार नाही, आणि तो खरंच सांगतोय. मुलगी म्हणाली, पळायला जागा कुठे आहे?

आता गुण बरोबरीतही राहिले नाहीत, पण उत्तर आधीपेक्षा अवघड झालंय.

शाईपेन :

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये जोसेफ प्रिस्टली यांना पत्रातून निर्णयाची एक रीत कळवली होती. कागदाच्या मधोमध रेघ ओढायची, एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जायचं. मग ज्या मुद्द्यांचं वजन सारखं वाटेल ते दोन्हीकडून खोडायचे, कधी एकासमोर दोन, कधी दोनासमोर तीन. उरेल त्यावर ठरवायचं. गुण देण्यापेक्षा हे बरं, कारण गुणांच्या बेरजेत "सासूबाई बाहेर पडू शकत नाहीत" हे "गॅलरी लहान" याच्या रांगेत जाऊन बसतं. फक्त एक बदल करा. चौघांनी चार कागद वेगळे लिहा, मुलीनंसुद्धा.

आणि गॅलरीबद्दल. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेच्या मध्यभागातल्या आणि कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांना आयुष्याबद्दलचं समाधान विचारलं. दोघांनाही वाटत होतं की कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, हवा किती छान! प्रत्यक्षात दोघांचं समाधान सारखंच होतं. दोन जागा शेजारी ठेवल्या की डोळा फरकावर खिळतो, आणि तिथे राहताना मात्र आपण त्या फरकाकडे दिवसभर बघत बसत नाही. गॅलरी रविवारी सकाळी दिसते. ट्रक रोज रात्री येतात, तसाच सिग्नलही रोज ओलांडावा लागतो.

झाडावर :

थोडक्यात दोन गोष्टी.

सेसिल कोनाइनेंडाइक या वनशास्त्रज्ञानं २०२१ मध्ये एक सोपा नियम सुचवला : घरातून ३ झाडं दिसावीत, परिसराचा ३० टक्के भाग झाडांच्या छायेत असावा, आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी. नवा भाग बागेवर उत्तीर्ण होईल, छायेवर नाही, लहान झाडांना सावली धरायला वेळ लागतो. जुन्या भागात बाग नसेल पण सावली असेल. मुलीला पळायला जागा ३०० मीटरमध्ये आहे का ते जुन्या भागातही शोधा. शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं असतं का विचारा.

दुसरं पाणी. तळमजल्याच्या दुकानांचे उंबरे बघा. एकापाठोपाठ एक सगळे उंबरे नंतर चढवलेले दिसले, तर तिथे पाणी शिरलेलं आहे, कुणी सांगो न सांगो. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर सरळ डाग आहे का बघा.

गच्ची :

६१ वाचून मीच अस्वस्थ झाले. पण उंबरठा, तुम्ही मोजलंत ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरात ना? भाग आवडला म्हणून तेच घर घ्यायला हवं असं कुठे आहे? जुन्या भागात शंभर मीटर आत गेलं की आवाज पार बदलतो. आमच्या जुन्या घराच्या मागच्या गल्लीत राहणारी माझी मैत्रीण निवांत झोपायची. मला तेव्हा हे सुचलं असतं तर कदाचित मी शहराच्या कडेला आलेही नसते.

निवांत :

गच्ची यांच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. आणि आधी भाड्यानं राहा. जुन्या भागात रुळायला चार वर्षं लागली असं मी म्हटलं होतं, त्यात एक भर घालतो. आम्ही वरच्या मजल्यावर, टोकाच्या घरात होतो. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी लगतच्या दाराशी मैत्री जुळण्याचं प्रमाण ४१ टक्के होतं, आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांमध्ये फक्त १०. जिन्यापाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही ओळख व्हायची. सासूबाईंसाठी बघत असाल तर जिन्याजवळचं, खालच्या मजल्यावरचं घर बघा. टोकाचं नको.

उंबरठा :

तीन आठवड्यांनी येते आहे, उशिराबद्दल माफ करा.

शाईपेन यांनी सांगितल्याप्रमाणे चार कागद लिहिले. मुलीच्या कागदावर पहिलं वाक्य "बागेतली मुलं" होतं, दुसरं "शाळा बदलायची नाही". ही दोन वाक्यं तिनं स्वतःच एकमेकांसमोर खोडली. नवऱ्याच्या कागदावर झोप आणि मोकळी हवा. माझ्या कागदावर ते ४०० तास. सासूबाई म्हणाल्या, माझं काय लिहायचंय. मग पायवाट यांनी बाबांबद्दल लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर कागद घेतला आणि एकच ओळ लिहिली : "किल्ली."

मला समजेना. विचारल्यावर म्हणाल्या, आत्ताच्या घराची किल्ली माझ्याकडे चार वर्षांपासून नाही, कारण मी एकटी बाहेर जातच नाही. नव्या घराची एक माझ्याजवळ हवी.

ते गल्लीच्या तोंडाशी असलेलं घर सोडलं. त्याच भागात, आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं एक घर भाड्यानं मिळालं. मूळच्या घरापेक्षाही लहान आहे. रात्री बाराला ४६ भरलं. ४५ च्या वर आहे हे नवऱ्यानं दाखवून दिलं, आणि त्याला ते महिनाभर राहून बघायचंय. त्याची नाराजी पूर्ण गेलेली नाही, मी ती गेली असं म्हणणार नाही. बाग २८० मीटरवर निघाली, लहान आहे, पण वाटेत मोठा रस्ता नाही. ज्या मुलांशी तिची गट्टी जमली होती त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा न्यायचं मी कबूल केलंय.

झाडावर, त्या गल्लीतले सहा उंबरे बघितले. चार जुनेच आहेत, दोन चढवलेले. हे दोन्ही उतरणीच्या टोकाला आहेत, आमचं घर वरच्या बाजूला. तरी एक पावसाळा तिथे काढल्याशिवाय विकत घ्यायचं काढायचं नाही असं ठरलंय. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सामान हलवतोय.

पायवाट :

किल्लीला दोरी लावून द्या, गळ्यात अडकवता येईल अशी. बाबा खिशात ठेवायचे आणि दर वेळी जिन्यात उभं राहून शोधायचे.